कपाळामागचा कासरा

धाकटी धापा टाकत आली. "आबा, त्या रेड्यानं बॅट फेकून मारली!"

आम्ही कांदा निवडायला बसलो होतो. साठवणीची बराखी भरायची होती. एकीकडं मोठा गोळा, एकीकडं बारीक गोल्टी, मागं टाकाऊ बदल्याचा ढीग. एप्रिल सरत आलेला, ऊन नुकतं कललेलं. "कुठला रेडा?" मी विचारलं.

थोरला आठवीतला. त्यानं खालमानेनं खुलासा केला. पलीकडच्या आळीतलं चौथीतलं एक पोर आहे. बाद झालं की बॅट फेकतं, मधूनच रडतं, सांगितलेलं दोन मिनिटांत विसरतं आणि एकदा अडून बसलं की हलत नाही. म्हणून पोरांनी त्याचं नाव रेडा ठेवलं.

"आपल्या आळे गावात राहून रेडा ही शिवी झाली का रं?" मी म्हणालो. "ज्याच्या समाधीला चैत्रात सगळा गाव लोटतो, ज्याला आपण नारळ वाहतो, तो कोण?"

गोष्ट पोरांना पाठ होती. पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा चारी भावंडांसोबत परत निघाला, आळ्यात आल्यावर त्यानं देह ठेवला आणि इथंच त्याला समाधी दिली, असं आमच्याकडं सांगतात. गोष्ट खरी की खोटी यात मी कधी पडलो नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि समाधीपुढं हातही जोडले. पण एक नक्की, ज्या तोंडाकडून कुणाला काही अपेक्षा नाही त्याचंही ऐकून घ्यावं, हे आमच्या गावाला निदान गोष्टीत तरी कबूल आहे.

"पण तो पोरगा आधी असा नव्हता," थोरला म्हणाला. "दिवाळीला पडला तेव्हापासून झालाय. आता तर टाकेसुद्धा निघाले, केस पण आले. मग अजून का करतो?"

हा प्रश्न बरोबर होता. मी पाटी बाजूला सरकवली.

पोराचं असं झालं होतं. बापाच्या मोटारसायकलवर पुढं, पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं. आळेफाट्याला नाशिक हायवे आणि नगर-कल्याण रस्ता एकमेकांना छेदतात, तिथली वर्दळ कुणाला सांगायला नको. समोर टेम्पो आडवा आला, बापानं ब्रेक दाबला आणि पोर कपाळावर आपटलं. डोक्यावर काही नव्हतं. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला. चार वर्षांवरच्याला तर मोठ्या माणसासारखंच हेल्मेट सक्तीचं. फाट्यावर अर्धा तास उभं राहून मोजा, अशी किती डोकी झाकलेली दिसतात ते.

"आपण डेअरीला दूध घालायला जातो," मी पोरांना म्हणालो, "किटली गाडीला अडकवलेली असते. जोरात ब्रेक मारला तर किटलीला काय होतं?"

"काही नाही. दूध उसळतं."

"बस्स. कवटी म्हणजे किटली. आत मेंदू आहे, कवडीदह्याहून थोडा घट्ट, पाण्यात तरंगणारा. गाडी थांबली, किटली थांबली, पण आतला माल पुढं जाऊन आदळला, परत मागं आला, जरासा पिळलाही गेला. तुम्ही टाके पाहिले. टाके किटलीला घातले होते."

धाकटीनं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोघांना मी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, खोडदला दुर्बीण दाखवायला नेलं होतं. तिथल्या ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर रुंद, पंचवीसेक किलोमीटरच्या घेरात पसरलेल्या. एकेकटी तबकडी फारसं पाहू शकत नाही. सगळ्यांचे संकेत केबलमधून एका ठिकाणी येतात, वेळ जुळवून एकत्र केले जातात, तेव्हा कुठं आकाश दिसतं. मेंदूचं काम असंच जोडणीवर चालतं. डोकं पिळलं जातं तेव्हा तबकडी जागेवर शाबूत असते, पण तिच्याकडून निघालेली बारीक तार ताणली जाते, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्त साकळलेलं दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. या ताणलेल्या तारा बऱ्याचदा दिसतच नाहीत. फोटो चांगला आला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि पोर मात्र बदललेलं असतं.

"आणि त्याच्या कुठल्या तारा ताणल्या?"

"कपाळामागं कासरा असतो," मी म्हणालो. "औताला बैल जुंपले की ताकद बैलांची, पण तास सरळ कशानं येतं? कासऱ्यानं. राग येणं, हिसकावून घ्यावंसं वाटणं, पळत सुटावंसं वाटणं, हे बैल सगळ्यांच्याच डोक्यात आहेत. थांब, आत्ता नको, आधी हे पुरं कर, असं ओढून धरणारा भाग कपाळाच्या मागं आहे. तो सगळ्यात उशिरा तयार होतो, पंचविशीपर्यंत त्याचं काम चालूच असतं. तुझाही अजून पुरा झालेला नाही. त्याचा कासरा सुताचा होता, त्यातले काही पदर तुटले."

मग मी त्यांना ग्लासगोची गोष्ट सांगितली, कारण त्या पोराची आई अजून येईल-जाईल त्याला सांगते, "डॉक्टर म्हणाले, दहा आहे." दहा म्हणजे काय हे तिला कुणी समजावलं नसावं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूच्या शल्यवैद्यांनी १९७४ साली एक साधं माप काढलं. डोळे उघडतो का, त्याला ४ पर्यंत गुण. बोलतो का, ५ पर्यंत. सांगितल्यावर हात-पाय हलवतो का, ६ पर्यंत. एकूण १५. अगदी निपचित पडलेल्यालाही ३ मिळतातच, कारण शून्य ठेवलेलाच नाही. १३ आणि वर मार हलका, ९ ते १२ मध्यम, ८ आणि खाली जबर. यंत्र नको, वीज नको. आज जगभर, अगदी तालुक्याच्या दवाखान्यातही, डोक्याला लागलेला माणूस आला की याच मापानं मोजतात.

थोरला हुशार आहे. तो म्हणाला, "मग मळ्यातली ती मुलगी चिंचेवरून पडली होती, तिचं किती होतं?"

इथं खरी गंमत होती. मळ्यातल्या त्या मुलीचं नऊ होतं, म्हणजे तिला मार जरा जास्तच. वय जवळपास तेवढंच. आज ती पाढे घडाघडा म्हणते, शेळ्या वळते, भांडते तेवढ्यास तेवढं. नावं मी दोघांचीही लिहीत नाही. गाव लहान आहे.

"लहानपणी लागलं तर लवकर भरून येतं, असं आजी म्हणते," धाकटी म्हणाली.

आजीच कशाला, शास्त्रज्ञही तसंच म्हणत होते. अमेरिकेत येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड नावाची बाई होती. १९३० च्या दशकात तिनं माकडांवर प्रयोग केले. मेंदूतल्या हालचालींच्या भागाला इजा झाली, तर पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरतात, असं तिला दिसलं. त्यावरून लोकांनी नियमच करून टाकला की मेंदू जितका कोवळा तितकं नुकसान कमी. नियमाला तिचं नाव दिलं. बाई स्वतः जास्त सावध होती. काही पिल्लांमध्ये दोष सुरुवातीला दिसत नाही, वाढता वाढता उघडा पडतो, हेही तिनंच नोंदवून ठेवलं होतं. ते कुणी फारसं वाचलं नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण सांगितल्यावर पोरांना ते पटलं. कांद्याचं रोप गादीवाफ्यावर असताना गारा पडतात. पात झोडपली जाते. पंधरा दिवसांत नवी पात येते, लांबून वाफा हिरवागार दिसतो, शेतकरी म्हणतो वाचलं. खरा हिशेब कळतो तो कांदा पोसायला लागतो तेव्हा. पाच वर्षांच्या मुलाला कासरा लागतोच किती? त्याच्यासाठी आई ओढते, बाई ओढतात. चौथी-पाचवीत आल्यावर तीन कामं लक्षात ठेवून एकामागून एक करावी लागतात, हरल्यावर हसावं लागतं. तेव्हा तुटलेले पदर दिसायला लागतात. आणि तोवर अपघात सगळे विसरलेले असतात. मग पोराचं नाव पडतं द्वाड.

"तरी आबा, ती बरी झाली आणि तो नाही. दोघं लहानच."

"बी," मी म्हणालो आणि ढिगातून एक कांदा उचलला. "हा फुरसुंगीचा. आषाढात, श्रावणात बराखीत टिकेल. शेजारच्या रानातला पावसाळी कांदा याच बराखीत ठेव, महिन्यात कोंब काढेल. माती तीच, पाणी तेच, हवा तीच. राजगुरुनगरला कांद्याचं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं आयुष्यभर हेच शोधतात, कुठलं बी काय सोसतं. माणसाच्याही जवळजवळ प्रत्येक पेशीत बियाणं आहे. चार अक्षरांची लिपी, आणि त्यात जवळजवळ ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. कुठल्याही दोन माणसांत हजारात साधारण एका अक्षराचा फरक."

"एकाच अक्षराचा?"

"दिन आणि दीन यात किती फरक आहे? फक्त वेलांटीचा. एकात दिवस उगवतो, दुसऱ्यात माणूस गरीब होतो."

मराठीच्या मास्तरांनी ही उपमा ऐकली असती तर माझी पाठ थोपटली असती. विज्ञानाच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला असता, कारण जनुकातल्या अक्षरांचे परिणाम इतके चोख नसतात. पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.

मग पुन्हा ग्लासगो. १९९७ साल. तेच टीसडेल, यावेळी त्यांनी अपघाताच्या रुग्णांच्या रक्तातलं एक जनुक तपासलं. त्याचं नाव एपीओई. मेंदूत स्निग्ध पदार्थ इकडून तिकडं नेणारा जो टेम्पो आहे, तो हे जनुक बनवतं. तुटलेल्या तारांवरचं आवरण चरबीचं असतं, त्यामुळं दुरुस्तीला हा टेम्पो हवाच. टेम्पोचे तीन प्रकार आहेत, दोन, तीन आणि चार नंबरचा. चार नंबरवाल्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार जास्त होतो, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. टीसडेलांच्या ८९ रुग्णांत चार नंबरवाले ३० होते. त्यांतल्या १७ जणांची गत वाईट झाली, म्हणजे कुणी दगावलं, कुणी कायमचं परावलंबी झालं. बाकीच्या ५९ जणांत अशी गत १६ जणांची झाली. शंभरात ५७ आणि शंभरात २७.

"म्हणजे सापडलं!" थोरला म्हणाला.

"त्यांनाही तसंच वाटलं असेल. पण चांगला शेतकरी एका वर्षाच्या पिकावरून बी ठरवत नाही. त्यांनी पुन्हा पेरलं, यावेळी एक हजार चौऱ्याण्णव रुग्ण घेतले. निकाल आला २००५ साली. सगळे मिळून पाहिले तर चार नंबरचा काही फरकच दिसेना."

थोरल्याचा चेहरा पडला.

"थांब. वयानुसार वेगळे काढल्यावर फरक पुन्हा दिसला, मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये. म्हाताऱ्यांमध्ये नाही."

ही गोष्ट मला फार आवडते, कारण हिच्यात कुणी जिंकत नाही. आपलंच म्हणणं बारापट मोठ्या तराजूत टाकून पाहणारा माणूस मला शाळेत शिकवायला मिळाला असता तर किती बरं झालं असतं. पुढं इतरांनी मुलांवर केलेल्या पाहण्यांतही कुठं चार नंबर वाईट ठरला, कुठं काहीच ठरलं नाही.

दुसरं जनुक डुकरामुळं सापडलं, असं म्हटल्याबरोबर धाकटी सावरून बसली. जर्मनीत म्युनिकला इव्ह-अ‍ॅलेन बार्ड आणि त्यांचे सोबती मेंदूच्या पेशी जगवणारा एक पदार्थ शोधत होते. १९८२ साली तो मिळाला. डुकरांचा दीड किलो मेंदू गाळून गाळून हाती आला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्याला बीडीएनएफ म्हणतात. मी त्याला खत म्हणतो. शिकताना, व्यायाम करताना, इजा भरून येताना मेंदूत हे खत पडतं, तारा नव्या फांद्या काढतात. याच्या जनुकात एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं असलं की ऐनवेळी खत कमी सुटतं. २००३ मध्ये असं दिसलं की ज्यांच्यात हे बदललेलं अक्षर असतं, त्यांची घडलेल्या गोष्टींची आठवण थोडी कच्ची असते. मग डोक्याला लागल्यावर हे लोक मागं पडणार, असंच कुणालाही वाटेल. व्हिएतनामच्या युद्धात डोक्यात गोळीचे, तोफगोळ्याचे तुकडे घुसलेल्या अमेरिकी सैनिकांची अनेक दशकं तपासणी चालू होती. त्यांची रक्तं तपासली तर उलटंच निघालं. योजना आखणं, मनाला आवर घालणं, या कासऱ्याच्या कामात बदललेल्या अक्षराचे सैनिक जास्त चांगले सावरले होते.

"मग ते अक्षर चांगलं की वाईट?"

"खत जास्त चांगलं की कमी? पिकावर आहे, वेळेवर आहे. जास्त युरियानं कांदा नुसता पातीवर जातो, हे तुझ्या बापाला विचार."

इथं मला थोडं रागानं बोलावं लागलं, कारण थोरल्यानं मोबाइलवर जाहिरात पाहिली होती. मुलाची थुंकी पाठवा, आम्ही त्याचा स्वभाव, बुद्धी, खेळ सगळं सांगू. मी म्हटलं, त्यापेक्षा कुडमुड्या जोशी बरा, तो निदान शिधा घेऊन आशीर्वाद तरी देतो. एकेका अक्षराचा वजनकाट्यावरचा भार तोळ्यामाशाचा असतो. अशी कितीतरी अक्षरं मिळून पारडं जरा इकडं किंवा तिकडं झुकतं, आणि कुठल्या बाजूला ते माणूस कुठं वाढतो त्यावर ठरतं.

ते कळलं कसं, तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. तिथल्या शारी वेड, कीथ यीट्स वगैरे मंडळींनी तीन ते सात वर्षांची मुलं घेतली, सगळी मार लागून दवाखान्यात किमान एक रात्र काढलेली. काहींच्या डोक्याला लागलं होतं, काहींचं नुसतं हाड मोडलं होतं.

"हाडवाले कशाला?"

"सांग बघू, चिंचेवर कोण चढतं?"

धाकटीनं थोरल्याकडं बोट दाखवलं.

"बरोबर. गुपचूप बसणारं पोर पडतच नाही. जे पडतं ते मुळात वळवळं असतं. मग पडल्यावर ते वळवळं दिसलं तर दोष मेंदूच्या माराचा की आधीचाच? म्हणून तेवढंच द्वाड, पण हातच मोडलेलं पोर शेजारी उभं करायचं."

अशी १८७ मुलं. जवळजवळ सात वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला, निकाल २०१८ साली छापला. ४८ मुलांमध्ये लक्ष न टिकण्याचा, हात-पाय आवरता न येण्याचा त्रास नव्यानं दिसला. मेंदूला जबर मार लागलेल्यांत त्याचा धोका हाडवाल्यांच्या साडेतीन पटीहून अधिक. काही मुलं तर आधीच्या तपासण्यांत व्यवस्थित होती आणि शेवटच्या, सातव्या वर्षाच्या तपासणीत प्रथमच सापडली. गारपिटीचं रोप, आठवतंय ना. आणि ज्या घरात धुसफूस जास्त, तिथं डोक्याला मार लागलेल्या मुलाचं आणखी बिनसलेलं. याच मुलांची जनुकंही ब्रॅड कुरोव्स्की आणि सोबत्यांनी पाहिली, विशेषतः डोपामीनची. कपाळामागच्या कासऱ्याला वंगण लागतं ते डोपामीनचं, आणि ते किती लवकर पुसलं जावं हे एका जनुकातल्या एका अक्षरावर बरंचसं ठरतं. त्यांनी जनुकाच्या शेजारी आई-बापांची वागणूक मांडली. फार दरडावणारे, अगदीच मोकळं सोडणारे, मायेनं पण शिस्तीत ठेवणारे. मुलं थोडी, त्यामुळं हाती आल्या त्या नुसत्या खुणा. पण खुणांचा रोख असा दिसतो की काही बियाणांच्या मुलांवर घराचा परिणाम इतरांपेक्षा जास्त होतो.

"हरळी आणि द्राक्ष," मी म्हणालो.

नारायणगावच्या बाजूला पोरांनी बागा पाहिल्या आहेत. हरळी बांधावर टाका, रस्त्यात टाका, खणून काढा, ती येतेच. तिला लाडही नकोत आणि हेळसांडीचंही काही नाही. द्राक्षाच्या घडावर एक अवकाळी सर आली की मणी तडकतात. पण त्याच वेलीला मांडव दिला, छाटणी वेळेवर केली, तर ती जे देते ते हरळी सात जन्मांत देणार नाही. मळ्यातली ती मुलगी हरळीची आहे का आणि आळीतला पोरगा द्राक्षाचा आहे का, हे मला ठाऊक नाही. त्यांचं रक्त कुणी तपासलेलं नाही, तपासून फार काही कळणारही नाही. त्याच्या घरी मात्र रोज रात्री आवाज चढतो, हे मला ठाऊक आहे. बाप स्वतःला दोष देत असतो. स्वतःवरचा राग माणूस बहुधा दुसऱ्यावर काढतो.

एवढ्यात आजी चहा घेऊन आली. तिनं शेवटचं ऐकलं आणि म्हणाली, "कशाला एवढं? सटवाईनं पाचवीला कपाळावर लिहिलं ते चुकतं का?"

मला हसू आलं. सटवाई लिहिते कपाळावर आणि कासरा आहे कपाळामागं, हा योगायोग माझ्या आधी ध्यानात आला नव्हता. मी म्हटलं, "लिहिलेलं पुसलं जात नाही, कबूल. पण वर टिंबं देणारं कुणीतरी दुसरं आहे."

गाय व्यायली की वासराला चाटते, हे आमच्याकडच्या पोरांनी पन्नासदा पाहिलंय. उंदरीणही पिल्लांना चाटते, काही उंदरिणी खूप, काही कमी. कॅनडात माँट्रियलला मायकल मीनी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की खूप चाटलेली पिल्लं मोठेपणी घाबरट होत नाहीत, संकट टळलं की लवकर शांत होतात. म्हणाल, खाण तशी माती, शांत आईची शांत पोरं. म्हणून त्यांनी पिल्लं जन्मतःच बदलली. कमी चाटणारीची पिल्लं खूप चाटणारीच्या कुशीत ठेवली. ती शांत झाली. २००४ साली त्यांनी आत डोकावून पाहिलं. ताणाचं संप्रेरक ओळखून त्याला आवरणारं एक जनुक असतं. कमी चाटलेल्या पिल्लांत त्या जनुकावर रसायनाची बारीक टिंबं जास्त बसली होती आणि त्यामुळं ते जनुक मुकं झालं होतं. अक्षर एकही बदललं नव्हतं. आईच्या जिभेनं टिंबं ठरवली होती.

माणसाच्या पोराबद्दल इतकं ठामपणे कुणी बोलू नये. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पण पिट्सबर्गला डोक्याला मार लागलेल्या मुलांच्या रक्तात, त्याच खताच्या जनुकावरची टिंबं मोजून पाहिली गेली आहेत, ती कशी बदलतात हे समजावं म्हणून. आणि आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं पाहताहेत. आईच्या पोटात असताना मिळालेलं अन्न मुलाला मोठेपणीही सोडत नाही, हे त्यांनी दाखवलं. बी पडायच्या आधीपासून वाफा काम करत असतो.

"लागल्यावर ज्याला चाटलं, तो सुधारतो?" धाकटीनं विचारलं. ती असंच विचारते.

"चाटायचं नाही गं. ओहायोच्या त्या वेडबाईंनी आई-बापांनाच शिकवण्या लावल्या. पोराला एका वेळी एकच काम सांगा. दप्तर भर, पाणी घे, चपला घाल, असं एका दमात नको. नीट केलं की लगेच म्हणा, छान. राग चढताना दिसला की आधीच बाजूला न्या, चढल्यावर भांडू नका. झोप पुरी करू द्या. तुटलेला कासरा बाहेरून धरायचा, आतला पिळला जाईपर्यंत."

"किती दिवस?"

"वर्षं लागतात."

चहा निवाला. आजी म्हणाली, आता कांदे निवडा नाहीतर अंधारात बदला गोळ्यात जाईल. सगळे उठले. त्या पोराविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. मीही नाही. पोरांना गोष्ट सांगून लगेच काही कर म्हणू नये, ती गोष्टच विसरतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढिगाशी चार डोकी होती. चौथं त्याचं. थोरल्यानं त्याला एक पाटी दिली होती आणि इतकंच सांगितलं होतं, "फक्त गोल्टी. लिंबाएवढी." तो दहाएक मिनिटं निमूट निवडत बसला. मग धाकटीचा हात त्याच्या पाटीत गेला आणि एक कांदा सणसणत तिच्या कानाजवळून भिंतीला जाऊन लागला.

मी पाहत राहिलो. धाकटीनं ओठ घट्ट मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि आपला हात काढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं तो उठला, भिंतीजवळचा कांदा घेऊन आला, उलटासुलटा करून पाहिला. एकाच सालीत दोन कांदे होते.

"हा गोल्टीत टाकू का बदल्यात?" त्यानं विचारलं.

"तो जोड आहे," थोरला म्हणाला. "जोडाची पाटी वेगळी. ती बघ, आबांच्या मागं."